बाससाठी रंग तीनच ठेवा, आधी ट्रेलर बघा

डबाभर रंगांच्या जिग (वजनदार डोकं आणि झालर असलेली गळाची आमिषं) आहेत, बास मासा जिगच्या मागे येतो, जवळ येऊन वळतो, आणि तुम्ही पुढच्या फेकीला रंग बदलता, असं तुम्ही लिहिलंय. या चक्रात मी बराच काळ अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. गाठी, रॉड, दोरा हे तुम्हाला येतच असेल.

रंगाचं पटकन उरकतो. पाणी स्वच्छ किंवा हिरवट असेल तर ग्रीन पंपकिन (तपकिरी छटेचा हिरवा), गढूळ असेल किंवा अंधार पडला असेल तर काळा-निळा, आणि बास छोट्या माशांच्या थव्यामागे असेल तर पांढरा. 2019 साली लार्जमाउथ या जातीच्या बासच्या नजरेवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बासने लाल आणि हिरवा व्यवस्थित ओळखले, पण चार्ट्रूज (पिवळट हिरवा) आणि पांढरा, तसेच काळा आणि निळा यांत त्याची गल्लत झाली. मग काळ्यात निळी चमक किती हवी यावर डोकं कशाला शिणवायचं?

माझं खरं नुकसान एका दुकानाने केलं. ब्लेडेड जिग (पुढे थरथरणारं धातूचं पातं, म्हणजे ब्लेड, असलेली) ओढताना एका कुशीवर कलंडते, थरथर हाताला जाणवत नाही, असं मी पुन्हा पुन्हा सांगत होतो. दर वेळी उत्तर एकच: "रंग चुकतोय, हा नवा घेऊन बघा." मुळात त्यांनीच गळ्यात मारलेला ट्रेलर (जिगच्या गळावर ओवायचं मऊ प्लास्टिकचं शेपूट) त्या जिगला फार जाड होता, त्यामुळे ब्लेड दबत होतं. ट्रेलर कसा ओवलाय हे काउंटरवर कुणी बघितलंसुद्धा नाही. चांगला हंगाम वाया गेला, आणि त्याचा राग अजून आहे.

म्हणून रंगाला हात लावण्याआधी जिग काठाशी, डोळ्यांसमोर ओढून बघा. ट्रेलर गळावर सरळ बसलाय का? तिरका असेल तर काढून पुन्हा ओवा. मासा मागे येऊन वळत असेल तर ट्रेलरचा डोक्याकडचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कापा. आकार आटोपशीर होतो आणि जिग जरा वेगाने बुडते. ट्रेलरचे मोठे फडफडते पंजे जिग पडण्याचा वेग कमी करतात, ते मी कोमट पाण्यासाठी ठेवतो. पाणी 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की फारसा न हलणारा साधा चंक (आखूड, जाडसर ट्रेलर). ब्लेडेड आणि स्विम जिगला (पाण्यातून पोहल्यासारखी ओढायची जिग) सडपातळ शेपटीचा. ट्रेलरचा रंग स्कर्टशी, म्हणजे जिगच्या झालरीशी, मिळताजुळता असला की पुरे.

हे सगळं उथळ, साचलेल्या पाण्यातल्या लार्जमाउथबद्दल आहे. नितळ, खोल पाण्यातल्या स्मॉलमाउथसाठी (बासची दुसरी जात) माझा शब्द प्रमाण मानू नका. तिथे रंगाला जास्त महत्त्व देणारे अनुभवी लोक आहेत.

आणखी एक, टीपीईचे (रबरासारखं लवचीक प्लास्टिक) ताणले जाणारे ट्रेलर नेहमीच्या मऊ प्लास्टिकसोबत एका कप्प्यात ठेवू नका, दोन्ही वितळून चिकटतात. पांढरेही वेगळे ठेवा, गडद रंग त्यांच्यात उतरतो.