कोरियाचं राजकारण वाचायचं, तर कलम ७७ पासून

चि.स,
अनेक आशीर्वाद.

कोरियन भाषा बऱ्यापैकी हाताशी आली, आता तिथलं राजकारण कुठून वाचायला घेऊ, असं तू विचारलं आहेस. बहुतेक जण तुरुंगात गेलेल्या राष्ट्राध्यक्षांपासून सुरुवात करतात: चुन दू-ह्वान, रो ते-वू, ली म्युंग-बाक, पार्क ग्युन-हे. यादी संपते आणि हाती लागतं एवढंच, की तिकडे भ्रष्टाचार फार. तू त्या वाटेला जाऊ नकोस. दक्षिण कोरियाच्या १९८७ च्या राज्यघटनेचं कलम ७७ काढून बस.

मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लावायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला याच कलमाने दिला आहे. त्या काळात सरकार आणि न्यायालयांच्या अधिकारांबाबत खास उपाय करता येतात, असं ते सांगतं. संसदेचे अधिकार त्यात येत नाहीत. उलट, संसदेने एकूण सदस्यांच्या बहुमताने मागणी केली, तर मार्शल लॉ उठवावाच लागतो.

आता ३ डिसेंबर २०२४ ची रात्र बघ. साडेदहाच्या सुमारास तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यून सक-योल यांनी मार्शल लॉ जाहीर केला आणि पाठोपाठ निघालेल्या फर्मानाने संसदेच्याच कामकाजावर बंदी घातली. सैनिक खिडक्या फोडून संसदेत शिरले. आतल्या कर्मचाऱ्यांनी टेबलं-खुर्च्या रचून दारं अडवली, अग्निशामक नळकांड्यांची फवारणी केली. सभापती वू वन-शिक साठी उलटलेले, ते कुंपणावरून चढून आत गेले. ३०० पैकी १९० सदस्य सभागृहात पोचले, त्यांत यून यांच्या पक्षाचेही काही होते. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं: सदस्य घाई करत होते, सैनिक दाराशी होते, तरी ठराव रीतसर दाखल होईपर्यंत सभापतींनी मतदान घेतलं नाही. पुढे कोणी खोट काढू नये म्हणून. रात्री एकच्या सुमारास १९० विरुद्ध शून्य. पहाटे मार्शल लॉ उठला.

हे धैर्य आलं कुठून, ते कळायला मे १९८० चं ग्वांगजू वाचावंच लागेल. तेव्हा सैन्याने संसद बंद पाडली होती आणि ग्वांगजूच्या रस्त्यांवर नागरिकांवर गोळ्या झाडल्या होत्या. ते दिवस आठवणाऱ्या पिढीतली माणसंही त्या रात्री संसदेबाहेर धावून आली होती.

अर्थकारण आणि परराष्ट्र धोरण वेगळं काढून वाचू नकोस. थाड ही अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायला लोट्टे कंपनीने २०१७ मध्ये सोंगजूचं आपलं गोल्फ मैदान दिलं. त्यावर चिडून चीनने लोट्टेची दुकानं अग्निसुरक्षेच्या कारणाखाली एकेक करून बंद केली, कोरियाला जाणाऱ्या सहली थांबवल्या. सुरक्षा अमेरिकेच्या भरवशावर आणि मोठी बाजारपेठ चीनमध्ये, हा पेच सोलच्या प्रत्येक सरकारपुढे असतो, पक्ष कुठलाही असो. रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कारखान्यात उद्या दुभाषी म्हणून बसलीस, तर समोरच्या साहेबांच्या बोलण्यातही तो तुला ऐकू येईल.

तूर्त एकच काम कर. यून यांना पदावरून दूर करणारा, घटना न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांचा ४ एप्रिल २०२५ चा निकाल मूळ कोरियनमध्ये वाच. सामान्य माणसाला समजेल अशा सोप्या भाषेत तो लिहिला आहे, तुला झेपेल. अडेल तिथे खूण कर आणि मला पाठव.

तुझे,
सर