गोळी घेऊनही रात्री घशाशी येतं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझं वय ४८. गेलं वर्षभर रात्री छातीत जळजळतं, आंबट पाणी घशाशी येतं आणि ठसका लागून झोपच मोडते. मिस्टरांचं दुकान आहे, ते आले की आम्ही जेवतो म्हणजे साडेदहा होतातच, मग मागचं आवरलं की मी लगेच आडवी होते. मेडिकलमधून पॅन्टोप्राझोल आणून ठेवलंय, जळजळायला लागलं की एक घेते पण आता तेही लागू पडत नाही. तिखट, तेलकट सगळं सोडलंय. बीपीची ॲम्लोडिपिन चालू आहे. गोळी कायमची लागणार का, आणि एंडोस्कोपी करावी लागेल का?

उत्तर : ताई, तुमची गोळी वाईट नाही, ती घ्यायची वेळ चुकतेय, आणि हे असंख्य पेशंटचं होतं कारण मेडिकलवाला पाकीट देतो पण कधी घ्यायची ते कोणी सांगतच नाही. जठराच्या अस्तरात ॲसिड बाहेर टाकणारे बारीक पंप असतात, पोटात खाणं पडलं की ते चालू होतात, आणि पॅन्टोप्राझोल फक्त चालू पंपच बंद करतं. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची, रोज, सलग. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस जातात. रात्री दोन वाजता जळजळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा त्या क्षणी काहीच उपयोग नाही, त्या वेळी अँटासिडचं पातळ औषध दोन चमचे घ्या, ते आहे ते ॲसिड मारतं.

आता रात्रीच का होतं ते बघा. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं, ते सैल पडलं की ॲसिड वर येतं. दिवसा आपण उभे-बसलेले असतो, शिवाय लाळ सारखी गिळत असतो त्यामुळे वर आलेलं ॲसिड धुऊन खाली जातं. झोपेत लाळही कमी आणि गिळणंही कमी, मग ते तिथेच चरचरत राहतं. तुम्ही भरल्या पोटी आडव्या होता हे सगळ्यात मोठं कारण, मिरचीपेक्षाही मोठं. तेव्हा मिस्टरांसाठी थांबू नका हो, तुम्ही साडेसात-आठला जेवून घ्या आणि ते आले की त्यांच्या ताटाशी बसून गप्पा मारा. घरोघरी बायका असं थांबतात आणि मग त्रास काढतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. संकष्टीचंही तेच, दिवसभर उपास, साबुदाण्याची शेंगदाण्याचं कूट आणि तूप घातलेली खिचडी, चंद्रोदय नऊ-साडेनऊचा, त्यावर मोदकांचं जेवण आणि अकराला झोप. उपास सोडा म्हणत नाही, पण त्या रात्री दोनच घास खा आणि झोपायला उशीर करा.

पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली ६ ते ८ इंचांचे लाकडी ठोकळे किंवा विटा लावा. उशीवर उशी ठेवून काही होत नाही, नुसती मान वर जाते, कंबरेत वाकून पोटावर उलट दाब येतो. झोपायचं डाव्या कुशीवर, त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. वजन वाढलेलं असेल तर चार-पाच किलो उतरवले तरी फरक जाणवतो, परकराची नाडी आणि गाउनचा इलॅस्टिक सैल ठेवा.

ॲम्लोडिपिनने ते कडं थोडं सैल पडू शकतं. म्हणून ती मनाने बंद करू नका, बीपी चढलं तर ते जास्त महागात पडेल, पण बीपीच्या डॉक्टरांना हा त्रास सांगा, दुसरी गोळी देता येते. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक वगैरे दुखण्याची गोळी घेत असाल तर तेही सांगा.

कायमची गोळी बहुतेकांना लागत नाही. साधारण ८ आठवडे नीट घ्यायची, मग डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची. एकदम थांबवली तर काही दिवस ॲसिड नेहमीपेक्षा जास्त सुटतं, लोकांना वाटतं आजार परत आला आणि ते पुन्हा गोळीवर जातात, असं करत वर्षं निघून जातात आणि मग बी-१२, मॅग्नेशियम कमी झालेलं सापडतं.

एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आतून बघणं, लगेच नको. ८ आठवडे गोळी नीट घेऊनही बरं नाही वाटलं तर करा. पण घास अडकतोय, वजन आपोआप उतरतंय, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी किंवा हिमोग्लोबिन कमी, यातलं काहीही असेल तर एक दिवसही थांबू नका. तपासणी पाच-दहा मिनिटांची असते, घशात बधिर करायचा स्प्रे मारतात, घाबरण्यासारखं काही नाही.

प्रश्न : वडील ५९ वर्षांचे, शुगर आहे. जिना चढताना छातीत जळजळतं, थांबले की कमी होतं. ते गॅस म्हणतात आणि ईनो घेतात.

उत्तर : चालताना-चढताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणं गॅसचं समजू नका. हे हृदयाचं असू शकतं, आणि शुगरवाल्यांना छातीत कळ न येता नुसती जळजळ किंवा धाप लागते. आजच ईसीजी काढा, तो नॉर्मल आला तरी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. घाम सुटून, जबडा किंवा हात दुखायला लागला तर ईनो शोधत बसू नका, थेट १०८ ला फोन करा.

प्रश्न : जळजळीवर थंड दूध चालतं का?

उत्तर : थोडा वेळ बरं वाटतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियममुळे नंतर पुन्हा ॲसिड सुटतं, म्हणून झोपताना पेलाभर दूध पिऊन लगेच पडू नका. दिवसा वाटीभर पातळ ताक सोसत असेल तर घ्या. ईनोसारख्या सोड्यात सोडियम भरपूर असतं, बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी तो रोज घेऊ नये.