पत्रकारितेची पदवी घ्यावी, की थेट बातमीदारीला लागावं?

प्रश्न असा आहे: संज्ञापन (म्हणजे कम्युनिकेशन) आणि पत्रकारिता हा विषय विद्यापीठात तीन वर्षं शिकण्यात अर्थ आहे का, की तीच वर्षं एखाद्या वर्तमानपत्रात उमेदवारी करावी? विचारणाऱ्याला एका ज्येष्ठ पत्रकारांनी सांगितलंय की ही विद्या वर्गात येत नाही, रस्त्यावर येते.

हे वाक्य डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पान लावायच्या टेबलावर, मी इतक्या वेळा ऐकलंय की आज सविस्तर लिहितो. शिका. पण नेमकं कशासाठी शिकताय ते आधी ओळखा.

इंट्रो म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद बांधणं, हेडिंग देणं, पत्रकार परिषदेत नेमका प्रश्न टाकणं हे उमेदवारीत सहा महिन्यांत जमतं. त्यासाठी विद्यापीठाची गरज नाही. डेस्कवर जे शिकवायला कुणालाच सवड नसते, ते एका कॉपीवरून, म्हणजे छापायला आलेल्या बातमीच्या मजकुरावरून, दाखवतो.

पान छपाईला सोडायला वीसेक मिनिटं उरली होती. कॉपी मतचाचणीची, हेडिंग 'सत्ताधाऱ्यांचा पाठिंबा ३ टक्क्यांनी वाढला'. आत लिहिलेलं: मागच्या महिन्यात ४२ टक्के, या महिन्यात ४५. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, दोन्ही वेळा ४०० जणांना विचारलं.

पहिली चूक हेडिंगमध्येच आहे. ४२ वरून ४५ ही वाढ ३ टक्के-बिंदूंची. टक्क्यांत सांगायची तर ३ भागिले ४२, म्हणजे सुमारे ७ टक्के. हा फरक न कळणारे बातमीदार वीस वर्षं नोकरी करतात, कारण त्यांना कुणी थांबवतच नाही.

दुसरी चूक जास्त महागाची. सोडत काढल्यासारखी माणसं निवडली असतील, तर नमुन्यातली चूक अंदाजे १ भागिले नमुन्याचं, म्हणजे विचारलेल्या माणसांच्या संख्येचं, वर्गमूळ एवढी धरतात. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे चूक दोन्ही बाजूंना ५ बिंदूंपर्यंत. ४२ चा खरा आकडा ३७ ते ४७ मध्ये कुठेही असू शकतो. अशा शंभर चाचण्या घेतल्या तर साधारण पाचांत तो या पट्ट्याच्याही बाहेर जाईल. दोन चाचण्यांतला फरक मोजताना ही चूक सुमारे १.४ पट होते, म्हणजे ७ बिंदू. इथे फरक फक्त ३ चा. वाढ झाली असं म्हणायला आधारच नाही.

एवढं गणित कागदावर मांडून दाखवलं, तर वरिष्ठ सहकारी म्हणाले, आकडा चाचणी घेणाऱ्या संस्थेनं दिलाय, आपण कशाला मोजायचं, लाव. बातमी तशीच लागली. पुढच्या महिन्यात त्याच चाचणीत ४१ आले आणि 'पाठिंब्यात मोठी घसरण' असं हेडिंग गेलं. तीही ७ च्या आतलीच. महिन्याभरात दोन बातम्या छापल्या आणि एकही सिद्ध झालेली नव्हती.

त्या कॉपीला 'मतचाचणीत ठळक बदल नाही' हे हेडिंग हवं होतं आणि ४०० हा आकडा पहिल्या परिच्छेदात. शिवाय संस्थेला एक फोन करायचा होता: पैसे कुणी दिले, माणसं कशी निवडली, प्रश्नाचे नेमके शब्द काय होते, किती जणांनी उत्तर नाकारलं. 'नमुना वाढवा' म्हणणं सोपं असतं, पण चूक निम्मी करायला नमुना चौपट लागतो: ४०० चे १,६०० करावे लागतात. आणि निवड चुकली तर संख्येचा उपयोग शून्य. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानं चाचणीसाठी २० लाखांहून जास्त मतपत्रिका गोळा केल्या आणि लँडन जिंकणार असं सांगितलं. जिंकले रूझवेल्ट, तेही प्रचंड फरकानं. पत्ते मुख्यतः टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले, आणि उत्तरं फक्त ज्यांना द्यावीशी वाटली त्यांची.

हे सगळं पदवीच्या अभ्यासक्रमात 'संज्ञापन संशोधन पद्धती' नावाच्या विषयात असतं. मुलं त्याला सगळ्यात जास्त कंटाळतात, म्हणून आवर्जून लिहितोय.

सिद्धांतांबद्दल माझं मत सरळ आहे. चौकोन आणि बाणांच्या आकृत्या पाठ करण्यात वेळ घालवू नका. गणितज्ञ क्लॉड शॅननचं संज्ञापनाचं १९४८ चं प्रारूप दूरसंचाराच्या तारेतून संदेश कसा जातो यासाठी होतं, अर्थाचा प्रश्न त्यानं स्वतःच बाजूला ठेवला होता. उलट मॅककॉम्ब्स आणि शॉ या अमेरिकी संशोधकांचा अभ्यास मुळातून वाचा. १९६८ च्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी चॅपल हिल या गावातल्या, मत कुणाला द्यायचं ते न ठरलेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे मुद्दे विचारले, माध्यमांनी कशाला किती जागा दिली ते मोजलं आणि दोन्ही क्रम ताडून पाहिले; ते जवळजवळ जुळले. निष्कर्ष १९७२ मध्ये छापले. रोज पान लावणाऱ्यानं आपण पहिल्या पानावर काय ठेवतो याचा विचार करायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

विभाग निवडताना इमारत आणि स्टुडिओ पाहू नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या तपासलेल्या कॉप्या मागा. समासात लाल शेरे आहेत का, तीच बातमी दुसऱ्यांदा लिहून घेतली आहे का, 'हे कुणी सांगितलं?' असा प्रश्न जागोजागी आहे का, ते बघा. विभागाचं स्वतःचं वर्तमानपत्र ठरलेल्या वेळी निघतं का तेही विचारा. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाची पत्रकारिता शाळा १९०८ मध्ये सुरू झाली, त्याच दिवशी विद्यार्थ्यांचा अंकही निघाला होता. वर्ग की उमेदवारी हा वाद तिथे पहिल्याच दिवशी निकाली निघाला होता.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी छापील बातमीबद्दल लिहिलंय. कॅमेरा आणि ध्वनी यांत हाताची सवय मोठी, तिथे उमेदवारीचं पारडं जड होऊ शकतं. आणि एखाद्या विभागात संशोधन पद्धती नुसत्या नोट्स वाचून उरकत असतील तर तिथे प्रवेश घेऊ नका. त्यापेक्षा संख्याशास्त्राची पदवी घ्या आणि सोबत बातमीदारी करा.

त्या ज्येष्ठांना मात्र एकदा विचाराच: हातात ४२, ४५ आणि ४०० एवढेच आकडे आहेत, पान सोडायला वीस मिनिटं आहेत, तुम्ही हेडिंग काय द्याल?