बापानं जमिनीवर कर्ज काढून पोराला इंजिनियर करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी विट्याजवळचा. बारावी सायन्स ५८ टक्के, सीईटीला ६१ परसेंटाईल. पप्पा म्हणतात जमिनीवर कर्ज काढतो पण पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातनं कॉम्प्युटरला घालतो. मामा गलाईत (सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात) आहे, तो म्हणतो डिग्री काय चाटायचीय, माझ्याकडं ये. धाकटी बहीण यंदा दहावीत. कॉलेजचा खर्च नक्की कोणी करायचा असतो आणि डिग्रीचा खरंच उपयोग होतो का?"

भावा, तुला "तू" म्हणतो, राग मानू नको, माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा आहेस. मी तासगाव तालुक्यातला, मेकॅनिकल इंजिनियर, २००५ ला ॲडमिशन आणि २००९ ला बाहेर, आता कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. म्हणजे तुझे पप्पा जे करायला निघालेत ते माझे आबा वीस वर्षांपूर्वी करून बसले, त्यामुळं मला बोलायचा अधिकार आहे असं समजून लिहितोय.

आधी डिग्रीचं. २००५ ला कॉलेजनं माहितीपत्रकात शंभर टक्के प्लेसमेंट लिहिलेलं, आम्ही पास झालो तेव्हा नेमकी मंदी, कंपन्याच आल्या नाहीत आणि आमचे प्लेसमेंटचे सर फोन उचलेनात. मग भोसरीत कॉन्ट्रॅक्टवर साडेसहा हजारावर अकरा महिने, त्यात रूमचं भाडं आणि मेस गेली की घरनंच पैसे मागवायला लागायचे. इंजिनियर झालेला पोरगा आईला फोन करून म्हणतोय दोन हजार टाक. तेव्हा माझ्याबरोबर दहावीला असलेला, नंतर आयटीआय फिटर केलेला मित्र कुपवाडला व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) सेटिंग करायला शिकला होता आणि माझ्या दुप्पट कमवत होता. आजसुद्धा आमच्याकडं नवीन बीई पोरगं ट्रेनी म्हणून येतं त्याचा पगार चांगल्या सेटरपेक्षा कमीच असतो, हे रोज बघतोय.

मग डिग्री फुकट गेली का, तर नाही. तो मित्र अजून मशीनवरच आहे, कंबर गेलीय त्याची, आणि मी आठ वर्षांनी केबिनमध्ये आलो. डिग्री म्हणजे गेटपास आहे, आत जाऊन काय करायचं ते ती शिकवत नाही, पण पास नसला की काही गेटांवर वॉचमनच परत पाठवतो. तलाठी व्हायचं तर पदवी लागते, एमपीएससीला पदवी लागते, कुठली का असेना. आणि खोटं कशाला बोलू, आपल्याकडं स्थळ बघायला आल्यावर पाच एकर बागायत द्राक्ष सांगितली तर पाहुणे चहा पिऊन जातात आणि पोरगा इंजिनियर म्हटलं की पत्रिका मागतात. हे बरोबर आहे असं म्हणत नाही मी, पण आहे.

गलाईला मी नावं ठेवणार नाही. खानापूर-आटपाडीची निम्मी घरं त्याच्यावर उभी राहिली, देशात कुठंही सराफ कट्ट्याच्या बोळात जा, सोनं गाळणारा आपल्याच भागातला निघतो. पण मामाला एवढं विचार की पहिली चार-पाच वर्षं दुसऱ्याच्या दुकानात ॲसिडच्या धुरात बसायचं का, आणि स्वतःचं दुकान टाकायला भांडवल कोण देणार. तिथंही कोणीतरी पैसे घालतंच, फक्त त्याला फी म्हणत नाहीत. आणि गेलासच तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाला नाव घालून ठेव, काम करत बीए-बीकॉम होतं. साहेब आपल्याच देवराष्ट्रेचे, त्यांच्या नावाचा तेवढा तरी फायदा करून घे.

आता खर्च कोणी करायचा. यावर मला खरं लिहायचंय.

आमच्या घरी एक वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी. बागेचा हिशोब त्यात, छाटणीची मजुरी, मोरचूद-जीए असली बागेची औषधं, सोसायटीचा हप्ता. आबांचं अक्षर त्यांना स्वतःलाच लागायचं नाही म्हणून हिशोब माझी बहीण लिहायची, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटी. मी सेकंड इयरला असताना ती बारावी झाली, ७४ टक्के. मला ६६ होते. तिला मिरजेला नर्सिंग करायचं होतं, जीएनएम, आणि मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तिथं नर्सला काम मिळणार नाही असं होतच नाही. आबा म्हणाले दोन फिया एकदम नाही झेपायच्या, दादाचं होऊ दे मग बघू. त्यात कोणी वाईट नव्हतं हे लक्षात घे, आबा खरंच मग बघणार होते. पण दादाचं होईपर्यंत बाग एकदा पावसात गेली, वीस गुंठे विकले आणि २०१० ला तिचं लग्न झालं.

२०१८ ला आबांच्या जमिनीला नावं लावायची वेळ आली तेव्हा हक्कसोडपत्र (जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद) करायला ती आली होती. कागद शोधताना ती वही सापडली. मी नुसती चाळत होतो. जुलै, दादाची फी २७,५००. ऑगस्ट, दादाची मेस १,२००. दादाचं ड्रॉइंग बोर्ड. दादाचं सबमिशन. दर पानावर मी, आणि सगळं तिच्या अक्षरात, नीट रेघ मारून. चार वर्षांत तिच्या नावानं दोन नोंदी सापडल्या. एक चप्पल १२०. आणि दुसरी, तिनं स्वतःच लिहिलेली, पाहुणे बघायला आले, पोहे केळी १४०.

मी म्हटलं हे बघ काय सापडलं. तिनं बघितलं आणि हसून म्हणाली, "मग? सही करतीय की, ती पण मांड फीत." आणि केली सही. मी थांब म्हणालो नाही. मला पण ते सरळच वाटलं तेव्हा, सगळ्यांच्याच बहिणी करतात.

तर कॉलेजचा खर्च बाप करतो हे आपण बोलायला म्हणतो, पावतीवर बापाचं नाव असतं एवढंच. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांचं बघ, साताऱ्यात बोर्डिंग काढलं, कमवा आणि शिका म्हणून अख्खा महाराष्ट्र अण्णांचं नाव घेतो आणि घ्यायलाच पाहिजे, पण बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचं सोनं मोडलं ते त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, मंगळसूत्रासकट. आपल्याकडं शिक्षणाची खरी फी कायम मागच्या दारानं जाते.

म्हणून माझं मत असं आहे, पटलं तर घे. बापानं चालू उत्पन्नातनं जेवढं होईल तेवढं द्यावं, पिकाचे पैसे द्यावेत, पण जमिनीला हात लावू नये, कारण जमीन एकट्या तुझी नाही, तुझ्या बहिणीची पण आहे, कायद्यानं सुद्धा. उरलेलं शिकणाऱ्यानं स्वतःच्या नावावर घ्यावं. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखापर्यंत जमीन-घर तारण द्यावं लागत नाही, आईबाप सहकर्जदार म्हणून सही करतात, हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होतात. मॅनेजर आधी टाळाटाळ करतो, मॅनेजमेंट कोटा म्हटलं की जास्तच, तरी लेखी अर्ज द्यायचा. व्याज मात्र पहिल्या दिवसापासनं चढतं, शिकताना हप्ता नाही म्हणजे फुकट नाही, शक्य असेल तर व्याज तरी महिन्याच्या महिन्याला भरत जायचं. स्वतःच्या नावावर पाच लाख आहेत म्हटल्यावर लेक्चर बुडवताना पोराचा हात जरा अडतो. माझा अडला नव्हता, कारण कर्ज आबांचं होतं.

आणि मॅनेजमेंट कोटा डोक्यातनं काढ रे. तो घेतलास की सरकारची सवलत पण गेली. कॅप राउंडमधनं (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतनं) गेलास तर ओपनमध्ये असलास तरी घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतनं निम्मी ट्युशन फी मिळते, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी अर्ज भरायचा, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेव नाहीतर ऐन वेळी सेतूत लाईन लागते. मॅनेजमेंटवाल्याला यातलं काही नाही. म्हणजे फी पूर्ण, वर पुण्याचा खर्च, वर ६१ परसेंटाईलला मिळणारं कॉलेज. पुण्याचं पाणी पिऊन कोणी इंजिनियर होत नाही. सांगलीत वालचंद इंजिनियरिंग कॉलेजला नंबर लागत असता तर मी म्हटलं असतं काहीही कर पण जा, तिथला नंबर ६१ ला लागत नाही हे तुला पण माहीत आहे.

तुझ्या जागी मी असतो तर पॉलिटेक्निकला गेलो असतो. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला घेतात, दोन वर्षांत डिप्लोमा, घरनं एसटीनं जाऊन येऊन (विद्यार्थ्याच्या पासला एक तृतीयांशच पैसे पडतात), आणि मग मार्क चांगले पडले तर डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला. चार वर्षांच्या जागी पाच लागतात खरी, पण दोन वर्षांनी तुझ्या हातात एक कागद असतो आणि पुढं नाही जमलं तर नोकरीला लागता येतं. पप्पांना सांगताना "पुण्याला नको" असं म्हणू नको, त्यांना वाटेल पोरगं घाबरलं. "आधी डिप्लोमा, मग डिग्री" असं म्हण, डिग्री शब्द शेवटी आला पाहिजे. आमच्या आबांना असंच लागायचं.

बहिणीचं राहिलं. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण), ओबीसीतल्या आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या पोरींना व्यावसायिक कोर्सची ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, कॅपमधनं गेली की. राहायचा-खायचा खर्च आहेच, पण दोन फिया एकदम झेपत नाहीत हे कारण तुमच्या घरात आता चालायचं नाही. कॅटेगरी तू लिहिली नाहीस, ती बघून घे. आणि एवढा मोठा प्रश्न लिहिलास त्यात तुझे मार्क आले, मामा आला, जमीन आली, पण तिला दहावीनंतर काय करायचंय ते कुठंच नाही. विचारून घे आणि खाली लिही, मग मी जमिनीवरच्या कर्जाबद्दल अजून सांगतो.