पुन्हा कधी येणार?

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. लगेच उत्तर दिलं असतं तर चिडून दिलं असतं, म्हणून थांबलो. थोडा चिडलेला अजूनही आहे, ते चालवून घे.

गुराखी आणि शेतकरी यांची तुम्ही समिती बसवलीत, गुरांची वाट दोघांनी मिळून आखली, आठ महिने सुरळीत गेले आणि एका रात्री कुणीतरी तीन बैल तोडले. त्यानंतर समिती बसलीच नाही. यावरून तू ठरवून टाकलंस की सगळं वाया गेलं, आणि राजधानीतलं ते निर्देशक, म्हणजे काम किती झालं ते मोजायची मापं, ठरवण्याचं पद घेऊ का म्हणून विचारतेस. पाच पानी पत्रात मी एकच गोष्ट दोनदा शोधली: त्या आठ महिन्यांत तू तिथे किती वेळा गेलीस? ‘नियमित संपर्कात होतो’ एवढंच सापडलं. म्हणजे फोन.

परत जा. माझ्याकडे दुसरा सल्ला नाही.

कारण सांगतो. नेपाळमध्ये नोव्हेंबर 2006 मध्ये सरकार आणि माओवादी बंडखोर यांचा शांतता करार झाला. दहा वर्षांच्या युद्धात सुमारे 17,000 माणसं गेली होती. मग आम्ही बाहेरची मंडळी गाड्या भरभरून पोचलो. चर्चा कसली, तर संविधान सभेची, छावण्यांतल्या बंडखोरांना सैन्यात घ्यायचं की नाही याची. महत्त्वाचे विषय होते, नाही म्हणत नाही. पण गावपातळीची निवडणूक 1997 नंतर झाली ती थेट 2017 मध्ये. निवडून आलेल्यांची मुदत 2002 मध्येच संपली होती. पुढे गावाचा कारभार सचिव नावाच्या सरकारी माणसाकडे. युद्धात यातले बरेच जण जीव वाचवायला जिल्ह्याच्या गावी आले, आणि करारानंतरही अनेकांनी तिथूनच कारभार हाकला. डोंगरातल्या माणसाने एका शिक्क्यासाठी दिवसभर चालायचं. आमच्या अहवालांत याला ‘प्रशासकीय पोकळी’ म्हणत. शब्द माझाच होता, तेव्हा फार आवडायचा.

2008 साली अशाच एका गावात, शाळेच्या वर्गात, आम्ही दोन दिवसांची संवाद कार्यशाळा घेतली. मागच्या बाकावर एक बाई होती. नवरा सहा वर्षं बेपत्ता. असे तेराशेहून जास्त लोक त्या देशात आजही सापडलेले नाहीत. जमीन त्याच्या नावावर. मालपोत कार्यालय, म्हणजे तिथलं जमिनीच्या नोंदींचं कार्यालय, मृत्यूचा दाखला मागत होतं. दाखला हवा तर तो मेला असं तिनेच लिहून द्यायचं, आणि ते ती मरेपर्यंत देणार नव्हती. हातात सवाष्णीच्या लाल बांगड्या तशाच. दीर बांध सरकवत होता. दोन दिवसांत ती ‘सलोखा’ या विषयावर अवाक्षर बोलली नाही. प्रवासखर्चाच्या कागदावर अंगठा उठवताना मात्र विचारलं, पुन्हा कधी येणार?

मी म्हणालो, पुढच्या महिन्यात. तिचं नाव वहीत लिहूनही घेतलं.

गेलो नाही. प्रकल्प मार्चमध्ये संपला, पुढच्या टप्प्यात तो जिल्हा नव्हता, आणि संस्थेच्या हिशेबात ‘एका बाईला भेटणे’ असा रकाना नसतो. हे सगळं खरं आहे. मी एकटा काय करणार होतो, मालपोत कार्यालय थोडंच माझं ऐकणार होतं, हेही खरं. बसने दोन दिवसांचा रस्ता होता, आणि त्या वर्षी मी दोन परिषदांना विमानाने गेलो, हेही तितकंच खरं. बघ, सल्ला द्यायला बसलो आणि वकिली सुरू झाली.

तू म्हणतेस, समिती मोडली. मोडू दे. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचं युद्ध थांबवायला लोमेचा करार जुलै 1999 मध्ये झाला आणि पुढच्याच मे महिन्यात तिथल्या बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांचे शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले. त्याहून वाईट कसं मोडणार? तरी तिथून सगळे निघून गेले नाहीत. ब्रिटिश फौज आली, शांतिसैनिक वाढवत सतरा हजारांच्या वर नेले, आणि जानेवारी 2002 मध्ये युद्ध संपल्याचं जाहीर झालं. सैनिकांचं उदाहरण मला आवडत नाही, पण परत जाणं म्हणजे काय ते त्यात दिसतं.

मला आवडतं ते केनियातल्या वाजीर जिल्ह्याचं. सोमाली कुळांची हाणामारी इतकी टोकाला गेली की बाजारात एका कुळाची बाई दुसऱ्या कुळाच्या बाईकडून दूधही घेईना. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला एका लग्नात काही बायकांची बोलणी झाली, त्यात पुढे शांततेच्या कामासाठी नावाजलेल्या डेखा इब्राहिम अब्दी होत्या. या बायकांनी सुरुवात बाजारापासून केली: कुठल्याही कुळाची बाई इथे विकेल आणि विकत घेईल. नुसतं ठरवून त्या थांबल्या नाहीत, त्यावर लक्षही ठेवलं. म्हणजे त्याच बाजारात, त्याच पाट्यांसमोर पुन्हा पुन्हा जाणं आलं. कुळांतली वडीलधारी माणसं, तरुण, सरकारी अधिकारी नंतर आले. 1995 मध्ये हे काम जिल्ह्याच्या अधिकृत समितीला जोडलं गेलं. अधिकाऱ्याला खुर्चीत बसवायचं असतंच. पण खुर्ची आधी मांडून लोकांची वाट बघत बसलं तर काय होतं, ते तू आत्ता बघते आहेस.

हा शासनाचा प्रश्न की मनोमीलनाचा, असं तू विचारलंस. काय फरक पडतो गं? ज्याचे बैल गेले त्याची तक्रार कुणी लिहून घेतली? पोलिसांनी, मुखियाने, की कुणीच नाही? मला शंका आहे की कुणीच नाही, आणि समिती बसली नाही ती त्यामुळे. बसून सांगणार काय त्याला? पण ही इथे बसून केलेली शंका आहे. तुला तिथे जाऊनच कळेल.

राजधानीतलं पद घ्यायचं तर घे. पगार बरा आहे, आणि उपाशी माणसाने शांततेचं काम करावं असं मी कुणालाच सांगणार नाही. निर्देशक ठरवणारंही कुणीतरी शहाणं हवं. त्या तक्त्यात ‘किती बैठका’ याच्या शेजारी ‘बैठक नसताना किती वेळा गेलात’ असा एक रकाना घाल, तुझे वरिष्ठ हसतील. पण रुजू होण्याआधी एकदा जा. संस्थेची गाडी घेऊ नकोस. चार्ट पेपर नको, हजेरीपट तर मुळीच नको. आधी बैलवाल्याकडे, मग ज्याच्यावर संशय आहे त्याच्याकडे, आणि दोघांना सांग की दुसऱ्याकडेही जाते आहे. शिव्या बसतील, त्या खाऊन घे. निघताना विचारतील, पुन्हा कधी येणार. जमणार नसेल तर तसं तोंडावर सांग. जमणार असेल तरच तारीख दे.

माझी ती वही अजून आहे. मध्यंतरी घर बदललं तेव्हा हाताला लागली. नाव वाचता येतं, शाई थोडी पसरली आहे. आता सत्तरी जवळ आली, गुडघे चढ चढू देत नाहीत, आणि इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने जायचं हेही आहेच. तू म्हणशील, हेही कारणच झालं. म्हण.

कधी निघतेस ते कळव.