पाट कुणाच्या नावावर?

प्रश्न: लेकीकडे कॅलिफोर्नियात कॉनकॉर्डला दोन महिने राहून आलो. रोज सकाळी पाटाच्या कडेने फिरायला जायचो, जाळीचं कुंपण, आत संथ पाणी. जावई म्हणाले हा पाट केंद्र सरकारचा, पण आता इथल्या पाणी डिस्ट्रिक्टच्या नावावर करायचा कायदा झालाय. म्हणजे सरकारने पाट विकला का? आणि मग आमची चारी, म्हणजे पाटातून शेतापर्यंत पाणी आणणारा छोटा पाट, आमच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेच्या नावावर का होत नाही?
– एक वाचक, ता. निफाड

उत्तर: काका, जावईबापूंचं बरोबर आहे, फक्त 'विकला' म्हणू नका. तो काँट्रा कोस्टा कॅनॉल, साधारण 77 किलोमीटरचा, अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनने, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या पाटबंधारे खात्याने, बांधलेला, 1940 साली त्यात पहिलं पाणी सोडलं. तेव्हा शेती होती, आता तिथे घरं झाली म्हणून बरंचसं पाणी नळालाच जातं. चालवतं तिथलं वॉटर डिस्ट्रिक्ट, 1972 पासून, आणि हे डिस्ट्रिक्ट म्हणजे खाजगी कंपनी नाही हां, लोकांनी निवडून दिलेले पाच डायरेक्टर, आपल्या जिल्हा परिषदेसारखं पण फक्त पाण्यापुरतं. बांधकामाचे पैसे पण त्यांनी सरकारला फेडलेत. गंमत बघा, सगळं फेडलं तरी तिथे कागद सरकारच्याच नावावर राहतो, तो बदलायला संसदेचा वेगळा कायदा लागायचा, एकेका पाटासाठी एकेक! मार्च 2019 च्या कायद्यात या कॅनॉलला परवानगी मिळाली आणि त्याच कायद्याने पुढच्या साध्यासुध्या हस्तांतरांसाठी दरवेळी संसदेत जायची कटकटही कमी केली.

आता एवढी धडपड कशाला, चालवत तर तेच होते. तर उघड्या पाटाऐवजी पाइपलाइन टाकायची म्हटलं की मोठा खर्च, आणि मालक सरकार असेल तर कामाच्या परवानग्यांसाठी दोन दारं झिजवा. पण मालकी आली की जबाबदारीपण आली, उद्या पाट फुटून कुणाच्या घरात पाणी शिरलं तर डिस्ट्रिक्टने बघायचं. आणि पाट मिळाला म्हणून पाणी जास्त मिळत नाही, पाण्याचा करार वेगळाच असतो.

आता तुमची चारी. आपल्याकडे 2005 चा कायदा आहे, शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करायचा, त्यात संस्थेला चारी चालवायला मिळते, पाणी मोजून मिळतं, पीक कुठलं घ्यायचं ते आपण ठरवायचं. मालकी मात्र सरकारचीच. मला विचाराल तर त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या तालुक्यातल्या ओझरलाच बघा ना, वाघाड धरणाच्या पाटाच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, असून तिथल्या शेतकऱ्यांनी 1990 च्या सुमारास कार्यकर्ते बापूसाहेब उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्र या संघटनेच्या मदतीने पाणी वापर संस्था उभ्या केल्या, ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत पाटाचं पाणी सोडून विहिरी भरून घेतल्या, आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं काम शेतकऱ्यांकडे आलं. सातबारा त्यांच्याही नावावर नव्हता.

खरी फसगत होते ती ताबा घेताना. आमच्या संस्थेने चारी घेतली तेव्हा हार-नारळ सगळं झालं, आणि पहिल्याच आवर्तनाला, म्हणजे पाटाला पाणी सुटलं तेव्हा, कळलं की गेटचा स्क्रू गंजून जागेवर बसलाय, ते ना वर जाईना ना खाली, मग गोणपाट आणि दगड घालून रात्रभर दोघंजण गुडघाभर पाण्यात. टेलला त्या वर्षी काही पोचलंच नाही, आणि पाणीपट्टी मात्र आम्ही भरली!

तेव्हा अध्यक्षांना सांगा, सही करायच्या आधी अधिकाऱ्यांबरोबर अख्खी चारी पायी चालून या, चालू आवर्तनात, कोरड्या चारीत नाही. प्रत्येक गेट स्वतःच्या हाताने फिरवून बघा, गळती कुठे आहे ते लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या, आणि चारीच्या तोंडाशी पाणी मोजायची सोय नसेल तर ती झाल्याशिवाय ताबा घेऊच नका.