लाइम आणि त्याच्या जोडीच्या संसर्गांवर हर्बल किंवा पर्यायी उपचारांचा कोणाला अनुभव आहे का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीतल्या बहिणीचा डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स संपून चार महिने झाले, तरी थकवा आणि सांधेदुखी हटत नाही. आता एका क्लिनिकने बाबेसिया आणि बार्टोनेला हे आणखी दोन संसर्गही आहेत असं सांगून हर्बल थेंब आणि शिरेतून ओझोन वायू सुचवलाय. मी कनेक्टिकटमध्ये राहते. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या या आजाराचं नाव ज्या लाइम गावावरून पडलं, ते इथून पाऊण तासावर. मी डॉक्टर नाही, पण या चक्रातून गेलेय.

मूळची मी सावंतवाडीकडची. माकडतापामुळे गोचीड म्हटलं की आमच्याकडे लोक दचकतात (तो विषाणू, लाइमचा जिवाणू, गल्लत नको). तरी मला चावलेली गोचीड दिसलीच नाही. तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. गुडघ्यामागे तळहाताएवढा चट्टा उठला. फोटोंमध्ये दाखवतात तशी वर्तुळं नव्हती, सावळ्या कातडीवर नुसता जांभळट डाग. दहा दिवस डॉक्सी घेतली, चट्टा गेला. पण दुपारी हुडहुडी भरून ताप यायचा आणि रात्री घामाने उशी भिजायची.

तेव्हा मी असंच एक क्लिनिक गाठलं. वनस्पतींच्या अर्कांच्या पाच बाटल्या मिळाल्या: जपानी नॉटवीड, कॅट्स क्लॉ, क्रिप्टोलेपिस, आर्टेमिसिया आणि एक 'डिटॉक्स'. दिवसातून तीनदा तीस-तीस थेंब. काडेचिराईत परवडलं इतकं कडू. विम्यातून एक डॉलर मिळाला नाही. आठवड्याभरात मळमळ, डोकेदुखी सुरू झाली. फोन केला तर उत्तर आलं, "छान! हर्क्स आहे, जंतू मरतायत." आमच्या सासूबाईही होमिओपॅथीबद्दल हेच सांगतात, आधी उफाळतो मग जातो. हर्क्स म्हणजे जंतू मरताना काही काळ वाढणारा त्रास. खरी हर्क्स प्रतिक्रिया असते, पण ती अँटिबायोटिक सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत येते आणि ओसरते. महिनाभर चालणारी हर्क्स म्हणजे बरं वाटलं तर औषधाचा गुण, वाईट वाटलं तरी औषधाचाच गुण. या हिशेबात औषध कधी नापासच होऊ शकत नाही, हे माझ्या लक्षात यायला सहा आठवडे लागले.

वनस्पती अगदीच थापा आहेत असं नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांच्या २०२०च्या अभ्यासात यातल्या काहींच्या अर्कांनी बोरेलियाचे, म्हणजे लाइमचे जंतू मारले होते. पण काचेच्या नळीत. गिळलेल्या थेंबांतलं किती रक्तात उतरतं आणि यकृताला काय सोसावं लागतं, हा प्रश्न नळीत येतच नाही.

शेवटी एका साध्या संसर्गरोगतज्ज्ञ बाईंनी रक्ताचा स्मियर काढला, म्हणजे थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तांबड्या पेशींत बाबेसिया. हा मलेरियासारखा परजीवी आहे, डॉक्सीला दाद देत नाही. (अ‍ॅनाप्लाझ्मा हा गोचिडीतूनच येणारा जिवाणू मात्र डॉक्सीने जातो.) मला अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणि अ‍ॅटोव्हाक्वोन दिलं. ते भिंतीच्या पिवळ्या रंगासारखं दाट औषध, आणि ते स्निग्ध खाण्यासोबतच नीट शोषलं जातं. मग काय, दहा दिवस वरणभातावर चमचा-चमचा तूप. चौथ्या रात्री उशी कोरडी होती.

थकवा पुढे सात-आठ महिने राहिला. तो बाटल्यांनीही गेला नसता आणि आणखी अँटिबायोटिक्सनीही नाही. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी, तिच्या मते उपचारानंतर ५ ते १० टक्के लोकांना असा त्रास उरतो. नेदरलँड्समधल्या चाचणीचा निकाल २०१६ मध्ये आला, तिथे बारा आठवडे जास्तीची अँटिबायोटिक्स घेणारे आणि नुसत्या खोट्या गोळ्या घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. मला उपयोग झाला तो झोपेचं वेळापत्रक आणि रोज थोडं थोडं वाढवत नेलेलं चालणं याचा. पहिल्या आठवड्यात टपालपेटीपर्यंत जाऊन परत येणं, बस्स.

अशी क्लिनिकं शिरेतून जे काही देतात त्याला मात्र स्पष्ट नाही म्हणा. लाइमवर म्हणून बिस्मथची इंजेक्शनं दिली जात होती, एकाचा जीव गेल्यावर २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, त्याविरुद्ध इशारा दिला. महिनोन्‌महिने शिरेत नळी ठेवून जंतुसंसर्ग होऊन माणसं दगावलीत. बार्टोनेलाचं म्हणाल तर तो मांजराच्या ओरखड्यातून होतो हे पक्कं, गोचिडीतून माणसाला होतो याचा पुरावा कच्चा आहे.

बहिणीला आधी दोन गोष्टी विचारा. ताप आणि रात्रीचा घाम आहे का? आणि बाबेसियाचं निदान कशावरून केलं, स्मियर किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) यावरून की नुसत्या लक्षणांच्या यादीवरून? रिपोर्ट असेल तर त्यावर लॅबचं नाव असेल. तो घेऊन संसर्गरोगतज्ज्ञाकडे जायला सांगा, आणि थेंब घेत असेल तर बाटल्याही बरोबर न्यायला सांगा. मी त्या लपवल्या होत्या.